अफरोजला सांगितलेली दोन भाषणं

बोरी अरबच्या बसथांब्यावरून दारव्ह्याच्या बाजूला निघालं की थोड्याच अंतरावर रहमत उस्तादचं मोटरसायकलचं गॅरेज लागतं. तिथल्या कारागिराला सारं गाव ‘मुका मिस्त्री’ म्हणायचं आणि खुशाल त्याच्या तोंडावर म्हणायचं, कारण ते त्याला ऐकू जात नव्हतं. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसायचं. पण त्याची बहीण फरहा रस्त्याने जात असली आणि तो शब्द कानावर पडला, की तिला दर वेळी चिमटा बसायचा. मिस्त्रीला नाव होतं. अफरोज.

अफरोज जन्मापासून बहिरा. फरहा त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. अब्बा बैलांच्या खुरांना नाल ठोकायचे. फरहा रांगत होती तेव्हाच ते गेले. अम्मी, म्हणजे जमिला, साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. अफरोज उस्तादच्या हाताखाली पाने-पक्कड उचलायला लागला आणि मिसरूड फुटायच्या आत घराचा कर्ता झाला. फरहा शिकली ती त्याच्या कमाईवर. बारावी झाल्यावर अम्मी म्हणाली, “बस झालं आता,” तेव्हा पाठीवर दप्तर अडकवल्याची खूण करून फरहाला दाराबाहेर ढकलणाराही तोच. म्हणून ती दारव्ह्याच्या कॉलेजात गेली.

घरात तिघांची बोलायची एक रीत होती. कुणी शिकवलेली नव्हे, भिंतीवर धूर साचावा तशी वर्षानुवर्षं साचत गेलेली. नाकाला बोट लावलं की अम्मी, तिच्या नथनीमुळे. खांद्यावरून वेणी ओढली की फरहा. डोक्यावर टोपी दाबली की उस्ताद. भाकर, पाणी, पैसा, गाडी, ताप, राग, ईद, पोलीस, साप, सगळ्याला खूण होती. एवढ्यात माणसाचं भागतं असं फरहाला वाटायचं.

दोन हजार बावीसच्या जुलैत दिल्लीत राष्ट्रपती बदलणार होते. फरहाला राज्यशास्त्र शिकवणारे घनश्याम सर वर्गात म्हणाले, “रविवारी संध्याकाळी जाणारे राष्ट्रपती देशाशी बोलतील, सोमवारी सकाळी नव्या राष्ट्रपती शपथ घेऊन बोलतील. दोन्ही भाषणं ऐका. दोघांच्या संदेशात सारखं काय, वेगळं काय, ते वर्गासमोर येऊन सांगा. पेपरातलं उतरवून आणलं तर मले लगेच कळते, हे लक्षात ठेवा.”

रविवारी संध्याकाळी फरहा वही घेऊन टीव्हीपुढे बसली. अफरोज नुकताच हातपाय धुऊन आला होता. एरवी टीव्हीशी त्याचं फारसं देणंघेणं नसे. तोंडं हलतात, माणसं रडतात, हसतात, कशाला ते कळत नाही. वर्षातून एकदा मात्र तो टीव्हीसमोरून हलायचा नाही, सव्वीस जानेवारीला. परेडला आवाजाची गरज नसते. रणगाडे, उंट, घोडे, पावलांची रांग, सगळं डोळ्यांचं काम. आणि त्या सगळ्यांची सलामी घेणारा तो एक माणूस. त्या माणसाला अफरोजने कपाळाला ताठ हात लावून खूण ठेवली होती. सलामीवाला.

आज सव्वीस जानेवारी नसताना सलामीवाला पडद्यावर एकटाच बसून बोलत होता. अफरोज थबकला. त्याने फरहाच्या खांद्यावर टिचकी मारली. काय म्हणतो?

फरहाने वर न पाहता तळहात खाली दाबला. नंतर.

ही खूण घरात सगळ्यांत जुनी. दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाला? नंतर. मामू का रडला? नंतर. नंतर सांगताना सगळं एका खुणेत उरकायचं, नाहीतर विसरून जायचं. अफरोजने आणखी एकदा टिचकी मारली. पुन्हा तीच खूण. तेव्हा तो उठला आणि दोन्ही हात पसरून टीव्हीच्या पुढे उभा राहिला.

“अरे भाईजान, बाजूले सरक ना!” फरहा ओरडली आणि ओरडून काही उपयोग नाही हे आठवून वही आपटली.

तो सरकला नाही. कपाळावर हात, मग ओठांपुढे बोटं हलवली, मग स्वतःच्या डोळ्यांकडे बोट. सलामीवाला काय बोलतो, मला सांग. आत्ता सांग.

“दे सांगून काहीबाही,” चुलीपासून अम्मी म्हणाली. “त्याले दिल्लीचं काय समजते? जेवू दे त्याले.”

फरहाने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे राग नव्हता. दगड होता. तिने मोबाइलवर भाषण नंतर ऐकायचं ठरवलं, टीव्ही बंद केला आणि त्याला समोर बसवलं.

सांगायला बसली तेव्हा तिला कळलं की हे वाटतं तितकं सोपं नाही. सलामीवाला लहान गावचा, हे जमलं. बोरीपेक्षा लहान, असं तिने चिमटीत दाखवलं. त्याचं घर मातीचं होतं, हेही जमलं. तिने चुलीला हात लावला, भिंत लिंपल्यासारखं केलं. अफरोजचे डोळे मोठे झाले. त्याने त्यांच्या स्वतःच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं, घरकुल मिळाल्यावरही जी एक मातीचीच राहिली होती. अशी? फरहाने मान हलवली. अशीच. मग पुढे, तो देशाचे आभार मानतो आहे. आणि फरहाचे हात हवेतच थांबले. आभार कसे दाखवायचे? घरात कुणी कुणाचे आभार कधी मानलेच नव्हते. तिने छातीवर हात ठेवला. अफरोजने छातीत दुखतं का, म्हणून विचारलं. तिने हात जोडले, त्याने त्याचा अर्थ नमस्कार लावला. शेवटी तिने तो भाग सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सोमवारी अफरोज गॅरेजला गेलाच नाही. सकाळीच टीव्हीसमोर मांडी घालून बसला. पडद्यावर मोठा दिवाणखाना, लोकांची गर्दी, आणि आता खुर्चीत एक बाई. पांढरी साडी, डोळ्यांना चष्मा. तिने हात उचलून शपथ घेतली. बाहेर आल्यावर सैनिकांनी तिला सलामी दिली. अफरोजने फरहाकडे वळून कपाळाला हात लावला, खांद्यावरून मागे बोट केलं आणि मान एका बाजूला टाकून डोळे मिटले. कालचा सलामीवाला मेला का?

“नाही रे बाप्पा!” फरहा हसली. तिने खूण केली, जिवंत आहे. तोच बघ ना, बाजूला उभा आहे.

मग काढला त्याला? अफरोजने मानगूट धरून फेकल्यासारखं केलं.

नाही.

भांडण?

नाही.

त्याने दोन्ही हात उघडे केले. मेला नाही, कुणी काढला नाही, भांडण झालं नाही, मग खुर्चीवरून उठला कशाला? त्याच्या पाहण्यात माणसं तशी उठत नव्हती. अब्बांची जागा रिकामी झाली ती ते गेले म्हणून. सरपंच बदलला तेव्हा काठ्या निघाल्या होत्या, एकाचं डोकं फुटलं होतं. फरहाने पाच बोटं दाखवली आणि परेडची पावलं टाकली. पाच परेड झाल्या की पाळी संपते. मग स्वतः उठायचं, दुसऱ्याला बसवायचं, घरी जायचं. अफरोजने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. जाणारे येणाऱ्या बाईंना हात जोडत होते. तो बराच वेळ ते बघत राहिला. पुढे टीव्हीवर दुसरंच काही लागलं तरी बघत राहिला.

मग तिने नव्या राष्ट्रपतींचं बोलणं सांगायला घेतलं. जंगलाकडचं लहान गाव. तिथे शाळा शिकायला मिळणं म्हणजेच मोठी गोष्ट. गावातून कॉलेजात गेलेली ही पहिली पोरगी. फरहाने पाठीवर दप्तर अडकवलं. अफरोजने तिचा हात धरून थांबवलं आणि कालच्याबद्दल विचारलं. तोही शाळेत?

हो, तोही. आणि काल तो पोरांना म्हणाला, आपलं गाव सोडू नका, आपली शाळा, आपला मास्तर विसरू नका.

अफरोजने तुलना करायला घेतली. सरांनी वर्गाला दिलेलं काम तो जमिनीवर बसून करू लागला. डाव्या हाताला कालचा, उजव्या हाताला आजची. गाव लहान, दोघांचंही. घर साधं, दोघांचंही. शाळा, दोघांनाही. मग त्याने मध्ये स्वतःला ठेवलं. छातीवर बोट. गाव लहान, हो. घर मातीचं, हो. शाळा... आणि त्याने तळहाताने स्वतःच्या छातीला जोरात धक्का दिला. अफरोजची शाळेची खूण हीच होती. लहानपणी तो थोडे दिवस शाळेत गेला होता आणि परत आला होता, पुन्हा न जाण्यासाठी. घरात सगळे समजून होते की मास्तराने ढकलून बाहेर काढलं.

तो धक्का फरहाने हजारदा पाहिला असेल. त्या दिवशी तो तिच्या छातीत बसला.

गुरुवारी ती वर्गासमोर उभी राहिली. बाकीच्यांनी मुद्दे नीट मांडले होते. कुणी म्हणालं एकाचा सूर निरोपाचा, एकीचा आशेचा, कुणी म्हणालं दोघेही साध्या घरातले. फरहाने आपले मुद्दे वाचले आणि शेवटी म्हणाली, “सर, जाणारे आभारावर बोलले, येणाऱ्या बाई भरवशावर. हे दोन शब्द मले माझ्या भावाले सांगता आले नाहीत. त्याच्यापाशी हे शब्दच नाहीत. बत्तीस वर्षांचा माणूस आहे तो. आमच्या घरात त्याले आम्ही भाकर दिली, कपडा दिला, आणि शब्द दिले नाहीत.”

तास संपल्यावर घनश्याम सरांनी तिला थांबवलं. “यवतमाळले एक धम्मदीप म्हणून आहे. छापखान्यात काम करते. स्वतः बहिरा. इंदूरकडे जाऊन हातांची खरी भाषा शिकून आला. दर रविवारी विहाराच्या हॉलमध्ये सगळे बहिरे लोक जमा होतात. त्याची बायको रुपाली, तिले ऐकू येते, ती बोलीन तुझ्याशी. जाशीन?”

“जाईन सर.”

“भाऊ येईन?”

“आणतोच मी त्याले,” फरहा म्हणाली.

आणणं सोपं नव्हतं. अम्मीने शिलाई मशीन थांबवली. “लाखात एक लेक हाय माझा. कमावते, खाते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आता म्हातारपणी त्याले कायले शाळेत घालतं? लोक हासतीन.”

“हासू दे.”

“त्याले लाज वाटीन.”

“त्याले विचारू, अम्मी. आपण त्याले कधी काही विचारलंच नाही.”

उस्तादचं म्हणणं वेगळं होतं. रविवार म्हणजे गॅरेजचा धंद्याचा दिवस. नोकरीवाले त्याच दिवशी गाड्या आणतात. “बेटा, मंगळवारी घेऊन जाय, बुधवारी घेऊन जाय. इतवार नाही जमणार,” रहमत उस्ताद म्हणाले. फरहा काही बोलायच्या आत अफरोजने तिला विचारलं, काय म्हणतात? या वेळी तिने ‘नंतर’ केलं नाही. सगळं सांगितलं. अफरोजने हातातला पाना फडक्याने पुसला, जागेवर ठेवला आणि स्टुलावर जाऊन हाताची घडी घालून बसला. समोर तीन गाड्या उघड्या पडल्या होत्या. उस्तादांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग टोपी काढून डोकं खाजवलं.

“हे तं हरताल झाली,” ते म्हणाले. मग हसले. “लेकराच्या वयापासून पाह्यतो याले, पहिल्यांदा काही मागून राह्यला. जा बाबा. इतवारी सकाळी जाय, दुपारी गाड्या कर.”

पहिला रविवार मात्र पार फसला. विहाराच्या हॉलमध्ये वीसेक माणसं होती, बाया होत्या, म्हातारे होते, आणि सगळे हातांनी बोलत होते, भराभर, हसत, एकमेकांना तोडत. अफरोज दारातच खिळला. त्याने आयुष्यात दुसरा बहिरा माणूस नीट पाहिलेला नव्हता. धम्मदीप उंचापुरा, हसऱ्या तोंडाचा; त्याने अफरोजला कवेत घेतलं आणि काहीतरी विचारलं. अफरोजला कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. कळलं नाही. अफरोजने आपल्या घरच्या खुणा केल्या, नाकाला बोट लावलं, टोपी दाबली. त्या कुणाला कळल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर अफरोज हात झटकून बाहेर पडला. एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. बोरीला उतरल्यावर त्याने फरहाला एवढंच सांगितलं. ऐकणाऱ्यांत मी मुका. तिथेही मुका. पुरे.

“मी म्हणलं नव्हतं?” अम्मी म्हणाली, पण तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता.

पुढच्या रविवारी फरहा एकटी गेली. त्याच्या पुढच्याही. रुपालीताईंनी तिला शिकवायला घेतलं. रुपालीताई अंगणवाडीत काम करत, बोलता बोलता हात आपोआप चालत त्यांचे. “त्याले सोडू नको,” त्या म्हणाल्या. “धम्मदीपले इंदूरले पहिल्यांदा ही भाषा दाखवली ना, तं तो तीन दिवस जेवला नाही. भाषा नसलेल्या माणसाले भाषा दाखवली की आधी भूक नाही लागत, आधी राग येते.”

फरहा घरी येऊन एकच खूण शिकवायची, पण तीही शिकवते असं सांगून नाही. अफरोजने ताट पुढे सरकवलं की ती हनुवटीशी लावलेला तळहात पुढे न्यायची. त्याने किल्ली दिली, तसंच. पाणी दिलं, तसंच. तो वैतागायचा. हे काय लावलंय? ती उत्तर द्यायची नाही. पुढच्या आठवड्यात अम्मीने त्याच्या सदऱ्याला गुंडी लावून दिली आणि अफरोजचा हात आपसूक हनुवटीशी गेला. अम्मी बघत राहिली. “काय म्हणते हा?” तिने विचारलं. फरहाने सांगितलं, आभार मानतो. जमिलाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिला काय करावं कळेना, म्हणून ती उठून चहा ठेवायला गेली.

त्यानंतर तो यवतमाळला गेला. हट्टाने गेला, जसा हट्टाने टीव्हीपुढे उभा राहिला होता. पावसाळा गेला, हिवाळा गेला. भाषा त्याला इंजिनासारखी कळत गेली, एक एक भाग सुटा करून, हातात घेऊन, परत बसवून. धम्मदीपने त्याला नाव दिलं. तिथे प्रत्येकाला हातांचं नाव असतं. अफरोजचं नाव म्हणजे मूठ फिरवणं, पाना फिरवतात तसं. गावातलं ‘मुका मिस्त्री’ आणि इथलं ‘पानेवाला’, दोन्ही कामावरूनच पडलेली नावं. पण या दुसऱ्या नावाला तो वळून बघायचा.

वर्षाने एका दुपारी त्याने अम्मीला आणि फरहाला समोर बसवलं. त्याला काही सांगायचं होतं. त्याने शाळेची गोष्ट सांगितली. मास्तराने त्याला ढकललं नव्हतं. पोरं हसत होती, कारण त्याच्या गळ्यातून काहीतरी आवाज निघत असावा. तो आवाज त्याला स्वतःला माहीत नव्हता. मास्तर जवळ आला, त्याने हात धरला, त्याला समजवायचा प्रयत्न केला. त्याचं तोंड हलत होतं, हलतच होतं. अफरोज घाबरला आणि त्यानेच मास्तराच्या छातीला धक्का दिला आणि पळाला. घरी येऊन तो तेच दाखवत होता, मी ढकललं, मी ढकललं. घरच्यांनी उलटं समजून घेतलं. अब्बांनी मास्तराशी बोलणं सोडलं ते मरेपर्यंत.

जमिला फरहाकडे वळून म्हणाली, “तो मास्तर भला माणूस होता. तुझे अब्बा गेले तवा मातीले आलता. मी त्याले पाणी विचारलं नाही.” तिने अफरोजच्या गुडघ्यावर हात ठेवला. “याले सांग, आम्हाले समजलं नाही, बेटा.”

फरहाने सांगायच्या आत अफरोजने मान हलवली. अम्मीचं तोंड त्याला वाचता येत होतं.

फरहाला वाटलं होतं की भाषा आली की भाऊ शांत होईल. झालं उलट. तो भांडखोर झाला. पहिलं खरं भांडण झालं ते त्या दोन भाषणांवरूनच.

एका रविवारी हॉलमध्ये रुपालीताईंनी दोन्ही भाषणांची चित्रफीत लावली आणि वाक्यामागून वाक्य हातांनी सांगितलं. कितीतरी जणांनी दिल्लीतलं असं काही पहिल्यांदाच समजून घेतलं. शेवटी धम्मदीपने विचारलं, दोघांत फरक काय? फरहाने उठून आपला वर्गातला मुद्दा सांगितला. जाणारा मागचं सांगतो, येणारी पुढचं सांगते.

अफरोज उभा राहिला. नाही.

जाणाऱ्याने झाडांचं सांगितलं, त्याने खुणा केल्या, हवा, पाणी, जंगल जपा, आपल्या पोरांच्या पोरांसाठी. ते मागचं आहे? ते तर आपण मेल्यावरचं आहे. आणि येणारी बाई मागे वळली. तिच्या लोकांनी जंगलातून इंग्रजांशी लढाया केल्या, त्यांची नावं घेतली. जाणाऱ्याची नजर पुढे, येणारीची मागे. ज्याला घरी जायचं त्याला पुढची काळजी. जिला बसायचं तिला आधीच्यांचा आधार पाहिजे.

लोक हात वर करून हलवू लागले; टाळ्या वाजवायची ही तिथली रीत. फरहा अवघडून खाली बसली. एसटीत तिने त्याला सांगितलं की त्याचं पूर्ण बरोबर नाही. बाई पुढचंही पुष्कळ बोलल्या, पंचवीस वर्षांनी देश कसा असावा तेही बोलल्या. असेल, अफरोज म्हणाला. पण माझं भांडण ते नाही. त्या दिवशी तू मला झाडं सांगितली नाहीस. लढायासुद्धा नाही.

तेव्हा आपल्याकडे खुणा नव्हत्या, भाईजान.

झाडाला खूण नव्हती? त्याने खिडकीबाहेर बोट केलं. बाहेर कडुनिंब मागे पळत होते.

फरहाने बाहेर पाहिलं. झाडाला खूण होती. पाण्यालाही होती. तिच्या मुद्द्यांत ते बसत नव्हतं म्हणून तिने ते गाळलं होतं.

तू ठरवलंस, मला काय पाहिजे ते. अफरोजचे हात आता हळू चालत होते, पण थांबत नव्हते. अम्मी ठरवते. उस्ताद ठरवतात. सगळे चांगले आहेत. सगळे माझ्यासाठी निवडून देतात. यापुढे गाळायचं नाही. कंटाळा आला तर सांग, कंटाळा आला. पण गाळायचं नाही.

फरहाला रडू आलं, मग राग आला, इतके रविवार मी कोणासाठी एसटीत धक्के खाल्ले म्हणून ती त्याच्यावर चढली. अफरोजही चढला. पुढच्या बाकावरच्या दोघी बाया मागे वळून तोंडाला पदर लावून हे नुसत्या हातांचं भांडण बघत होत्या. बोरी येईपर्यंत दोघांनी एकमेकांना बरंच सुनावलं. घरी आल्यावर दोघांनाही सडकून भूक लागली आणि अम्मीला वाटलं, पोरं आज फार खूश दिसतात.

आता फरहा बी.ए. होऊन दुभाषीपणाचं शिक्षण घेते, नागपूरला. महिन्यातून दोनदा घरी येते. यवतमाळच्या त्या रविवारच्या मंडळाचं काम अफरोजकडे आलं आहे. धम्मदीपला अमरावतीला चांगली नोकरी लागली तेव्हा त्याने स्वतःहून जागा सोडली. अफरोजने मंडळात एक नवीन काम सुरू केलं. तो वाट बघत बसत नाही. जिल्ह्यात कुठे कुणी बहिरं माणूस घरात बसून आहे असं कळलं, की मोटरसायकल काढतो आणि जातो. कधी फरहा बरोबर असते, कधी अंगणवाडीमुळे यवतमाळलाच राहिलेल्या रुपालीताई.

मागच्या महिन्यात फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून निरोप आला. धावजी नावाच्या म्हाताऱ्याची लेक जमनी, चाळिशीची, जन्मापासून बहिरी, लग्न झालं नाही, शेळ्या राखते. फरहा घरीच होती. दोघे पहाटेच निघाले, दिग्रस, पुसद करत दुपारी पोहोचले. धावजीने खाट टाकली, पाणी दिलं.

“तुमी लोकं दवा देता का जी?” त्याने विचारलं.

“नाही बाबा, दवा नाही. बोलायची भाषा शिकवतो, हातांची.”

“हिले काय शिकवता आता? आमचं भागते इशाऱ्यानं. गरीब हाय, कामाची हाय.”

फरहाने तोंड उघडलं. सगळं पटवून द्यायची तिला आता सवय झाली होती. अफरोजने तिच्या दंडाला हात लावला. आधी नको. आणि तो खाटेवरून उठून अंगणात जमनी बसली होती तिथे गेला आणि तिच्यासमोर मातीत बसला. ती शेळीच्या पिल्लाच्या पायातला काटा काढत होती. त्याने आपली भाषा दाखवली नाही. एकही खूण केली नाही. त्याने पिल्लाकडे बोट केलं आणि तोंडावर प्रश्न आणला. तू याला काय म्हणतेस?

जमनीने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. मग दोन बोटं कानाशी नेऊन हलवली. अफरोजने तसंच केलं. मग त्याने दारात उभ्या तिच्या आईकडे बोट केलं. तिने मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या चढवल्यासारखं केलं. अफरोजने तसंच केलं. ती हसली. मग तिनेच बोट करायला सुरुवात केली. विहीर, बाप, डोंगर, पोळी, चोर, म्हशीचा मालक, मेलेला भाऊ. अफरोज शिष्यासारखा एक एक खूण तिच्याकडून शिकत होता. धावजी आधी खाटेवरून बघत होता, मग जवळ येऊन उभा राहिला. “हे मले बी माहीत नव्हतं,” तो फरहाला म्हणाला. “भावाले असं म्हणते हे.”

उन्हं उतरली. परतीचा रस्ता लांबचा होता. फरहाने घड्याळाकडे बोट केलं तेव्हा कुठे अफरोज उठला. मोटरसायकल सुरू झाली, फरहा मागे बसली, तेवढ्यात जमनी धावत आली आणि पुढच्या चाकासमोर उभी राहिली. तिने एका हाताने हँडल धरलं आणि दुसऱ्या हाताने दूरच्या शेताकडे दाखवत काहीतरी सांगायला लागली. फरहाला त्यातलं काहीच कळलं नाही. अफरोजलाही सगळं कळलं नसावं. पण तिचं सांगणं अजून संपलेलं नव्हतं.

त्याने किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि खाली उतरला.